टाचेचे ऑपरेशन आणि त्याआधी तयार केलेले घर

टाचेचे हाड मोडले तरी शस्त्रक्रिया बहुधा लगेच करत नाहीत, ही गोष्ट आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हती. मार्च महिन्यात माळ्यावरचे गंज, म्हणजे मोठी पातेली, उतरवताना शिडी सरकली आणि मी उजव्या टाचेवर उभी आदळले. अमरावतीला एक्स-रे झाला, मग सीटी स्कॅन झाले; टाचेच्या हाडाचे, म्हणजे कॅल्केनियमचे, तुकडे झाले असून सांध्याकडचा त्याचा वरचा भाग खाली खचला आहे असे निदान झाले. प्लेट आणि स्क्रू बसवावे लागतील, असे सांगून डॉक्टरांनी पायाला मागून अर्धे प्लास्टर बांधले आणि मला घरी पाठवले. टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी पातळ असते, तिच्याखाली मांस जवळजवळ नसते, आणि सुजून ताणलेल्या त्या कातडीवर छेद घेतला तर जखम भरत नाही, उलट चिघळते. म्हणून सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबावे लागते, आणि त्याला साधारण एक ते दोन आठवडे जातात, असे त्यांनी समजावून सांगितले.

नातेवाइकांना हे थांबणे मुळीच पटले नाही. मोडलेले हाड घेऊन घरी बसायचे म्हणजे काय, असे प्रत्येक जण विचारत होता. मला मात्र हेच दिवस सर्वांत उपयोगाचे ठरले, कारण एका पायावर घरात वावरताना काय अडते, कुठे धडपडायला होते आणि कशापर्यंत हात पोचत नाही, हे शस्त्रक्रियेच्या आधीच कळले. पायाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आराम हा बव्हंशी घराच्या मांडणीवर अवलंबून असतो आणि ती मांडणी आधी करून ठेवता येते, असे माझे आज ठाम मत आहे. गावातल्या घरांसाठी ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे, कारण दवाखान्यातून मिळणाऱ्या छापील सूचना पाश्चात्त्य संडास, सपाट फरशी आणि लिफ्ट असलेले घर गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातले, जुन्या पद्धतीचे आहे. समोर सपरी (ओसरी), मग मधली खोली, त्यापुढे स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला न्हाणी व संडास. प्रत्येक दाराला उंबरठा आहे, आणि मागच्या दाराबाहेर दोन पायऱ्या उतरून अंगणात जावे लागते. आजारी माणसाची बाज सपरीत टाकायची ही आमच्याकडची रीत. हवा लागते, येणारे-जाणारे भेटतात, माणसाला एकटे वाटत नाही. सासूबाईंनी प्रेमापोटी तीच तयारी केली होती. परंतु बाज मध्ये झोळ देते. कंबर खाली जाते, पाय उंच करायला कितीही उशा रचल्या तरी त्या सरकतात, आणि एका पायावर त्या खोलगटातून उठणे तर जवळजवळ अशक्य होते. म्हणून मधल्या खोलीत, मागच्या दाराजवळ, लाकडी दिवाण लावला. दिवाणाच्या कडेला बसल्यावर चांगल्या पायाचे पाऊल जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजे आणि गुडघा काटकोनात राहिला पाहिजे, हे माप धरून त्याच्या पायांखाली विटा लावल्या. दिवाण हलू नये म्हणून तो भिंतीला टेकवला, आणि दुखरा पाय भिंतीकडे राहील अशा बेताने उशाकडची बाजू ठरवली. ये-जा करणाऱ्याचा धक्का पायाला लागू नये, एवढाच त्यामागे हेतू होता, पण त्याचा उपयोग रोज जाणवला.

पाय उंच ठेवणे हे या दुखण्यातले सर्वांत मोठे औषध आहे. उंच म्हणजे नुसता स्टुलावर नव्हे, तर आडवे झाल्यावर पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर यावे इतका उंच. पाय खाली सोडला की काही क्षणांत बोटे जांभळी दिसू लागतात, टाचेत ठणका सुरू होतो आणि प्लास्टर आवळल्यासारखे वाटते. वर घेतला की ठणका हळूहळू ओसरतो. यात एक बारकावा आहे आणि तो मला दवाखान्यातल्या परिचारिकेने दाखवला. उशी टाचेखाली ठेवायची नाही. ती गुडघ्याच्या थोड्या खालपासून पोटरीच्या टोकापर्यंत अशी ठेवायची की टाच पुढे मोकळी राहील, कशालाही टेकणार नाही. टाच टेकून राहिली तर तिथे दाब येऊन कातडी खराब होते, आणि आतून बधिर असल्यामुळे ते लवकर कळतही नाही. बाजारातल्या मऊ उशा पायाच्या वजनाने दबून सकाळपर्यंत पातळ होत. शेवटी यांनी घरचा कापूस पिंजून आणून एक लांबट, घट्ट उशी भरून घेतली आणि तिच्याखाली घडी घातलेल्या दोन गोधड्या ठेवल्या. ती रचना रात्रभर जागची हलत नसे.

आता संडासाविषयी लिहिते. याविषयी कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते घरी बरे होण्यातली खरी अडचण नेमकी हीच आहे. एका पायावर उकिडवे बसता येत नाही. तसा प्रयत्न करणे धोक्याचे आहे, कारण तोल गेला की माणूस नकळत दुखरा पाय टेकवतो आणि बसवलेले स्क्रू हलू शकतात. अमरावतीहून आम्ही लोखंडी पायांची कमोड खुर्ची आणली. तिच्या बैठकीला मध्ये भोक असते आणि खालचे भांडे काढून टाकले की ती आपल्या नेहमीच्या देशी भांड्यावर सरळ उभी करता येते. पण आमच्या संडासात ती आधी बसेना, कारण पायदान थोडे उंच होते आणि खुर्चीचे मागचे पाय अधांतरी राहत होते. गावातल्या गवंड्याने मागे सिमेंटचा चपटा थर देऊन जमीन सारखी केली, दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी केली, आणि बसल्यावर डाव्या हाताला येईल अशा उंचीवर भिंतीत लोखंडी पाइपाचा तुकडा पक्का बसवून दिला. तो पाइप आता कायमचा आहे, आणि सासूबाईही त्याला धरूनच उठतात. रात्री मात्र अंगणात जायचे नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरवले होते. खुर्चीचे भांडे परत बसवून ती दिवाणाशेजारी ठेवायची आणि सकाळी धुऊन उन्हात टाकायची. सुरुवातीला मला जाऊबाईंकडून हे करून घेताना फार संकोच वाटला. त्यांनी तो एका वाक्यात संपवला. "ताई, माझ्या दोन्ही बाळंतपणात तुम्हीच केलं ना सगळं?" असे त्या म्हणाल्या आणि भांडे उचलून गेल्या.

या संकोचापायी बायका एक गोष्ट करतात, ती मी मुद्दाम सांगते. उठावे लागू नये म्हणून त्या पाणी पिणेच कमी करतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात, जिथे पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो, हे फार महागात पडते. लघवीला जळजळ होते, मलावरोध होतो, आणि पडून असलेल्या माणसाच्या पायातल्या शिरांत रक्त साकळण्याचा जो धोका आधीच असतो, तोही शरीर कोरडे पडल्याने वाढतो. डॉक्टरांनी मला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पोटरीत एकाएकी कळ आली, मांडीपर्यंत सूज चढली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची, असे घरातल्या सगळ्यांना समजावून ठेवले होते. उशाशी तांब्या ठेवण्याऐवजी झाकणाची बाटली ठेवली, आणि ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे यांची वेळ ठरवून टाकली, म्हणजे तहान लागण्यावर काही अवलंबून राहिले नाही.

चालण्यासाठी कुबड्या आणि वॉकर दोन्ही घेतले. सपाट जागेवर, घरातल्या घरात, वॉकर अधिक भरवशाचा वाटतो; अरुंद दारात आणि पायऱ्यांवर कुबड्याच लागतात. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतवायचा नसतो. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे आणि सगळा भार तळहातांवर आला पाहिजे, नाहीतर काखेतली नस दबून हाताला मुंग्या येतात. पायरी चढताना चांगला पाय आधी वर, मग कुबड्या आणि दुखरा पाय; उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, मग चांगला पाय. हे मी ऑपरेशनच्या आधीच मागच्या पायऱ्यांवर यांना समोर उभे करून शिकून घेतले. वेदना आणि गुंगी असताना नवीन काही शिकता येत नाही. कुबडीच्या टोकाचे रबरी बूच ओल्या फरशीवर घसरते आणि नुकत्याच सारवलेल्या अंगणात तर खात्रीने घसरते, म्हणून अंगण सारवण्याचा दिवस ठरवून, मी दुपारी झोपले असताना ते काम होऊ लागले. पाणी भरण्याची वेळही बदलली, कारण नळ आला की गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, उचलून नेताना वाटेत पाणी सांडतेच. दोन्ही हात वॉकरला अडकलेले असल्यामुळे साधा चष्मासुद्धा नेता येत नाही. त्यासाठी वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी थैली बांधली आणि तिच्यात मोबाइल, टॉर्च, रुमाल, गोळ्या असे सगळे ठेवले. वीज कधीही जाते, तेव्हा टॉर्च हाताशी असणे फार गरजेचे होते.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण कमरेतून भूल दिली होती आणि मी जागी असूनही मला काही जाणवत नव्हते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी गुडघ्यामागे नस बधिर करणारे इंजेक्शनही दिले होते. अशा इंजेक्शनचा अंमल बारा ते चोवीस तास राहू शकतो आणि तो बऱ्याचदा मध्यरात्री उतरतो. म्हणून पाय बधिर असतानाच, दुखत नसतानाही, गोळी वेळेवर घ्यायची, असे भूलतज्ज्ञांनी बजावले होते. मी ते तंतोतंत पाळले, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला त्या रात्री जे सोसावे लागले ते पाहता तो सल्ला किती मोलाचा होता हे कळले. घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवर आडवी बसून पाय उशीवर ठेवला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ठणका उठत असे, म्हणून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेऊन ठेवावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

गोळ्यांची एक वही केली होती. शाळेतल्या हजेरीसारख्या रेघा मारून तिच्यात गोळीचे नाव, वेळ आणि खाल्ल्यानंतर की आधी, एवढे लिहायचे. ही वही अनावश्यक वाटू शकते, पण तिने एकदा मोठी चूक टळली. दुखणे वाढले म्हणून पुतण्याने बाजारातल्या औषधाच्या दुकानातून एक 'जोरदार' गोळी आणली. वहीशी ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले की तिच्यात पॅरासिटामॉल आहेच आणि मी ते आधीपासून वेगळे घेत आहे. प्रौढ माणसाने दिवसभरात चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल घेऊ नये, यकृताला अपाय होतो, आणि वेदनेच्या कितीतरी जोडगोळ्यांत ते मिसळलेले असते. डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी ती गोळी घेऊ दिली नाही. पाय अधिक वेळ उंच ठेवायला आणि गुडघ्यामागे बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून वीस मिनिटे धरायला सांगितले. प्लास्टरवरून बर्फ आतपर्यंत पोचत नाही, आणि ओल जाण्याची भीती असते. गुडघ्यामागे धरल्याने मात्र मला बरे वाटत असे.

एप्रिल संपत आला तशी उन्हाची अडचण वाढली. प्लास्टरच्या आत घाम येतो आणि खाज सुटते. त्या खाजेने माणूस रडकुंडीला येतो, तरीही आत काडी, पट्टी, विणायची सुई असे काहीही घालायचे नाही, कारण आत टाके असतात आणि एक ओरखडादेखील पिकू शकतो. मी प्लास्टरवर बाहेरून हलके टिचक्या मारत असे आणि दुसऱ्या पायाचा तोच भाग खाजवत असे. यातल्या दुसऱ्या उपायाने खरोखर थोडा दिलासा मिळत असे. कूलरशिवाय आमच्याकडे उन्हाळा काढता येत नाही, पण त्याची ओलसर हवा सरळ पायावर येऊ नये म्हणून तो पायथ्याऐवजी खिडकीत, डोक्याच्या बाजूला बसवला. दुपारी वीज गेली की खिडकीला ओले पडदे लावायचे. मुंग्यांचा मला सर्वांत धाक होता. जखमेच्या वासाने त्या येतात, आणि प्लास्टरच्या आत एकदा शिरल्या तर काढता येत नाहीत. दिवाणाच्या पायांखालच्या विटांवर पाण्याच्या वाट्या ठेवल्या, अंथरुणावर खाणे पूर्ण बंद केले, आणि दिवसासुद्धा पायापुरती मच्छरदाणी सोडून ठेवू लागले. आंघोळीला न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची, समोर स्टुलावर पाय, त्यावर दोन पिशव्या एकावर एक घालून गुडघ्याखाली चिकटपट्टी, आणि तरीही पाणी कमरेच्या वरच्या भागावरच घ्यायचे. खालचे अंग ओल्या कापडाने पुसून घ्यायचे.

खाण्याच्या बाबतीत गावाकडे काही कमी पडत नाही, फक्त काय वाढवायचे हे ठरवावे लागते. हाड आणि जखम दोन्ही भरून यायला प्रथिने लागतात. वरण दोन्ही वेळा, सकाळी उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे, रात्री दूध असे सुरू केले. तीळ आणि जवसाची चटणी आमच्या ताटात नेहमीच असते. तिळातून कॅल्शियम चांगले मिळते म्हणून तिचा वाटा वाढवला. मृग बहराची शेवटची संत्री त्या वेळी बाजारात होती, ती रोज खाल्ली. डॉक्टरांनी रक्ततपासणी करून ड जीवनसत्त्वाची मात्रा लिहून दिली होती. पडून राहिल्याने आणि वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यावर पपई, ज्वारीची भाकरी, भाज्या आणि गरज पडल्यास रात्री इसबगोल हा उपाय मला पुरला. तंबाखू, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आणि बिडीने हाड जुळायला उशीर लागतो, जखम भरायलाही. आमच्या भागात पुरुषांना हे विशेष सांगितले पाहिजे, आणि डॉक्टरांनी माझ्यासोबत आलेल्या दिरांना ते माझ्यासमोरच सांगितले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. गव्हाची कापणी, हरभऱ्याची काढणी आटोपून मोकळी झालेली माणसे येत, फळे, बिस्किटे आणत, आणि सवयीने दिवाणाच्या कडेवर बसत. त्यांच्या बसण्या-उठण्याने पाय हलतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मग खोलीत आधीच चार खुर्च्या मांडून ठेवल्या आणि भेटीची वेळ संध्याकाळची ठरवून तसे सांगून टाकले. कोणी रागावले नाही. उपाय मात्र प्रत्येक जण सांगे. शेजारच्या आजी तर रोज एकच प्रश्न विचारत, "मॅडम, हयदीचा लेप काहून नाही लावत? आमच्या बुढ्याचा हात त्यानंच जुळला होता." सासूबाईच त्यांना उत्तर देत, "माय, डॉक्टरनं आत लोखंड बसवलं हाय, वरून लेप लावून काय होते?" हळद दुधातून घ्यायला माझी काही हरकत नव्हती आणि मी ती घेतली. टाके असलेल्या जखमेवर कसलाही लेप, तेल किंवा पाला लावायला मात्र ठाम नकार दिला, आणि पाय चोळून देतो म्हणणाऱ्या जाणत्याला यांनी दारातूनच चहा पाजून परत पाठवले. मोडलेला पाय चोळल्याने जुळलेले हाड हलू शकते आणि शिरेत साकळलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हे मी त्या आजींनाही शांतपणे समजावले, कारण पुढे कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर लोक त्यांनाच विचारणार होते.

टाके काढायला अमरावतीला गेलो तेव्हा जखमेच्या कोपऱ्यावर थोडी ओल होती. छेद इंग्रजी एल अक्षरासारखा असतो आणि त्याचा कोपरा भरायला सर्वांत उशीर लागतो. डॉक्टरांनी निम्मे टाके ठेवले, बाकीचे काढले, आणि रोज ड्रेसिंग करायला सांगितले. गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर घरी येऊन ते करत आणि प्रत्येक वेळी जखमेचा फोटो काढून मी डॉक्टरांना मोबाइलवर पाठवत असे. त्यासाठी पाय नेहमी एकाच खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात ठेवून फोटो काढायचा, म्हणजे लाली वाढली की कमी झाली याची तुलना करता येते. पू, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली किंवा ताप यांतले काही दिसले तर त्याच दिवशी निघायचे होते. तशी वेळ आली नाही. पावलाची बाहेरची कड मात्र बधिर राहिली. छेदाजवळून जाणाऱ्या नसेमुळे असे होते, आणि ती जाणीव महिनोन्‌महिने हळूहळू परत येते किंवा थोडी कमीच राहते, असे सांगण्यात आले.

जखम सुकल्यावर प्लास्टरऐवजी काढता येणारा बूट मिळाला आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी घोटा हलवायला सांगितले. पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवायची, असा तो व्यायाम होता. आयुष्यभर पहिलीच्या मुलांना फळ्यावर अक्षरे गिरवून दिली, त्यामुळे मी अ पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरे घेतली. गोल वळणाच्या अक्षरांना घोटा अडत असे. 'ळ' आणि 'क्ष' काढताना आतून ओढ बसे, आणि 'ळ' पूर्ण होऊ लागला त्या आठवड्यात सांधा सुटतो आहे हे मला डॉक्टरांच्या आधी कळले. जमिनीवर चिंचोके पसरून ते बोटांनी उचलून वाटीत टाकायचे, हा दुसरा व्यायाम. त्यात पुतणीने भाग घेतला आणि तिच्यामुळे तो रोज झाला. मांडीचे स्नायू आवळणे, सरळ पाय उचलणे हे तर पहिल्या दिवसापासून चालू होते, कारण वापरात नसलेली मांडी फार लवकर वाळते.

पाय टेकवायची परवानगी एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसल्यावर मिळते. या हाडासाठी साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. ती मिळाली तेव्हा आधी १० किलो भार द्या, मग आठवड्याआठवड्याने वाढवा, असे सांगितले गेले. १० किलो म्हणजे किती, हे पायाला कसे समजणार? कापूस वेचणीची मजुरी किलोवर देतात, त्यामुळे आमच्या घरी चपटा इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. तो कोठ्यातून आणून मधल्या खोलीत ठेवला, त्याच्याच उंचीची फळी बाजूला चांगल्या पायासाठी ठेवली, आणि वॉकरला धरून दुखरा पाय काट्यावर हळूहळू दाबत आकडा १० वर स्थिर होईपर्यंत थांबले. सकाळ-संध्याकाळ असे केल्यावर तो दाब पायाच्या अंगवळणी पडला, आणि मग काट्याशिवायही चालताना तेवढाच भार देता येऊ लागला. यांनी आकडे वहीत लिहून ठेवले. ज्यांच्या घरी असा काटा आहे त्यांनी या कामासाठी तो जरूर वापरावा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, याचा मला मोठा फायदा झाला. वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेल्या परिवर्तित रजेला (अर्धपगारी रजा बदलून मिळणाऱ्या पूर्ण पगाराच्या रजेला) सुट्टी लागून आली, आणि शाळा उघडली तेव्हा तंदुरुस्तीच्या दाखल्यासह एका कुबडीवर हजर होता आले. वर्गात टेबलाखाली स्टूल ठेवून पाय त्यावर घेते. स्लीपर सोडून टाचेखाली मऊ गादी असलेले, पुढून रुंद बूट घेतले आहेत, उजवा एक माप मोठा, कारण संध्याकाळपर्यंत पाऊल सुजतेच आणि ही सूज वर्षभरही राहू शकते. सपाट जागेवर आता कुबडीची गरज उरलेली नाही. शेतात मात्र अजून जात नाही. टाचेच्या वरचा जो सांधा पाऊल आत-बाहेर कलते करतो तोच या दुखापतीत आखडतो, त्यामुळे धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) किंवा ढेकळांतून चालताना पाऊल जमिनीप्रमाणे वळत नाही आणि घोट्याखाली चमक उठते. काळ्या मातीचा चिखल असेपर्यंत तर डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. प्लेट त्रास देत नसेल तर ती काढण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे आहे; पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे, आणि तोपर्यंत मुळाक्षरे रोज दोनदा चालू आहेत.